थांबवलेला ट्रक

पंपांच्या त्या कारखान्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या पंपावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आतल्या बेअरिंगची कुंडली मांडायची, ही त्याची तपासणी. मोजायची यंत्रं आली. पण या कानाची सर एकालाही आली नाही.

कान तिखट, तोंड मात्र शिवलेलं. वीस वर्षांपूर्वी खराब माल निघालाय म्हणून तो फाटकापर्यंत धावला होता, तेव्हा जुना फोरमन सगळ्यांदेखत म्हणाला होता, "ट्रक थांबवायला तू काय मालक लागून गेलास?" तेव्हापासून एकदा भरलेल्या मालाबद्दल त्याने ब्र काढला नाही.

चार वर्षांपूर्वी मालकांनी प्रत्येक कामगाराला कंपनीचे शेअर दिले. "मालकी कागदावर, घाम अंगावर," असं म्हणून कानसेनाने तो कागद पिठाच्या डब्यामागे खोचला. अट अशी होती, की चार वर्षं टिकलात तर वर्षाच्या विक्रीवर जो भाव ठरेल त्या भावाने कंपनीच शेअर परत घेईल. मग कारखान्याचं रूपच पालटलं. "आपल्याला काय त्याचं" म्हणणारी माणसं सांडलेले नट वेचू लागली. परत येणारे पंप निम्म्यावर आले, भाव तिप्पट झाला. कागद डब्यामागून कपाटात गेला.

आता त्याची चार वर्षं भरली होती. शेअर विकून मेहुण्याबरोबर दुरुस्तीचं दुकान टाकायचं, हे ठरलेलं. गाळा बघून ठेवलेला, उद्या विसार द्यायचा. स्वतःच्या मालकीचं काहीतरी असावं, हे त्याचं उभ्या जन्माचं स्वप्न होतं.

वर्षाचा शेवटचा दिवस. दोनशे पंप भरून ट्रक फाटकाशी उभा. आज गेला तर विक्री यंदाच्या हिशेबात. कानसेनाने स्टँडवर उरलेल्या एका पंपाला उगाच कान लावला. खरखर. अगदी केसाएवढी. आणि ट्रकमधल्या पंपांची सगळी बेअरिंगही याच खेपेतली!

"गप्प बस लेका," त्याने स्वतःला बजावलं. "सहा महिने तरी कोणाला कळायचं नाही. तोवर तू दुकानात." ट्रक सुरू झाला. कानसेनाचे पाय त्याच्याही आधी निघाले. हातातला स्क्रूड्रायव्हर उंच धरून तो बोनेटसमोर उभा राहिला.

मॅनेजरबाई धावत आल्या. सगळ्यांत जास्त शेअर त्यांचे. आता फाडून खातील, असं त्याला वाटलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतः पंप ऐकला.

"मला तर काहीच ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "तुमची खात्री आहे?"

"आहे, बाई."

"मग उतरवा माल. माझी अट वेगळी; माझे शेअर अजून पाच वर्षं विकता येत नाहीत. हे पंप परत आले, तर मला इथेच तोंड द्यायचंय." मग थांबून म्हणाल्या, "पण तुमचं काय? तुम्ही तर उद्याच विकणार होता."

कानसेन ट्रकवर चढला. पहिलं खोकं त्यानेच उतरवलं. मागोमाग सगळं खातं आलं, तोंडाने शिव्या घालत; पण आलं. पाच बेअरिंग उघडली, पाचही खराब. अशी माणसं बघितली की ऊर भरून येतो, दुसरं काय सांगू!

यंदाची विक्री घटली, भाव पडला, दुकानापुरते पैसे काही होईनात. दुसऱ्या दिवशी मेहुणा गाळ्यासमोर ताटकळत उभा होता. सगळं ऐकून त्याने कपाळावर हात मारला.

"दाजी, हातातोंडाशी आलेला घास घालवलात! आयुष्यभर मालक व्हायचं म्हणत होता ना?"

कानसेनाने बंद शटरकडे पाहिलं, खिशातला स्क्रूड्रायव्हर चाचपला आणि हसला.

"अरे, काल ट्रक कोणी थांबवला?"

आणि तो कामावर निघाला. उतरवलेले दोनशे पंप ऐकायचे होते.