पिराजीचं गाठोडं

स्मिताला दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय चैन पडत नाही, हे के. आर. पुरमच्या सगळ्या मराठी मंडळींना ठाऊक होतं. बाई मूळची निपाणीची, तिथल्या मराठी मंडळाच्या मंगल कार्यालयाची व्यवस्थापक. कुणाच्या पिशवीत काय आणि कुणाच्या डब्यात काय, सगळं तिला कळलंच पाहिजे. मनानं मात्र भली. पावसानं कहर केला, नाले रस्त्यावर आले, तेव्हा पुलाखाली राहणाऱ्या माणसांसाठी कार्यालय तिनंच उघडलं.

दुपारी गरमागरम भात-सांबार वाढलं, तर एकानं घास उचलला असेल तर शपथ! सगळे आपले दाराकडे तोंड करून बसलेले. उपाशी माणूस जेवत नाही म्हणजे काय? स्मिताला राहवेना.

"भागुअक्का, सांबार तिखट झालं काय?" तिनं जवळच्या म्हातारीला विचारलं.

"न्हाई गं. नागनाथ यायचाय अजून. राखणदाराच्या आधी कसं गिळायचं?"

मग स्मितानं खोदून खोदून सगळं काढून घेतलं. पुलाखालची माणसं कामाला जाताना आपली गाठोडी नागनाथकडे ठेवत. ज्याचं त्यानं येऊन 'सुटलास' म्हणेपर्यंत राखणदारानं जागा सोडायची नाही, असा त्यांचा रिवाज. आज गाडीवाल्यानं घाईघाईत माणसं भरली, सामान नंतर आणू म्हणाला, आणि त्या गडबडीत 'सुटलास' म्हणायचं सगळेच विसरले.

"अगं बाई! म्हणजे तो अजून तिथंच?"

तिनं गाडीवाल्याला, विलासला फोन लावला. तो सामान आणायला परत पुलाकडे गेला होता. पोरगा पुण्याहून आलेला, कॉम्प्युटरवाला. सुट्टी टाकून मदतीला धावत होता.

"मॅडम, सीरियसली, हे ऐकतच नाहीयेत!" विलास ओरडला. "गाठोडी खांबाच्या कट्ट्यावर बांधलीत आणि स्वतः खाली उभे. पाणी कमरेला लागलंय, सामान काढायला आता वेळ नाही!"

"फोन स्पीकरवर टाक. धर त्यांच्या कानाशी."

म्हाताऱ्या भागुबाईनं स्मिताचा फोन दोन्ही हातांत धरला. "नागनाथ, मी भागुबाई. माझं गाठोडं गेलं तर गेलं. सुटलास बाबा."

धनलक्ष्मीच्या गाठोड्यात पोरीच्या लग्नाचं लुगडं होतं. तिला हुंदका आवरेना, तरी म्हणाली, "सुटलास, अण्णा." एकेक जण उठला, म्हणाला, बसला. फोन परत स्मिताकडे आला.

पलीकडून नागनाथचा आवाज आला. "आणि पिराजी?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. पिराजीला दसऱ्याआधी दवाखान्यात नेलं होतं. तो परत आला नव्हता, आणि येईल असं कुणी छातीठोकपणे म्हणेना.

"त्यानं सोडवल्याबिगर मी कसा सुटू?" नागनाथ म्हणाला.

आता मात्र स्मिताचं डोकं फिरलं. "अहो, राखायचंच आहे ना? मग घ्या डोक्यावर आणि इथं येऊन राखा! पिराजीनं गाठोडं तुमच्या हाती दिलं होतं, की त्या पुलाच्या?"

मग नागनाथ म्हणाला, "सरी, येतो."

तो आला तेव्हा थंडीनं लटलट कापत होता. डोक्यावर पिराजीचं गाठोडं. स्वतःचं तिथंच राहिलं होतं. स्मितानं कोरडे कपडे पुढे केले, पण गाठोड्यावरचा हात काही तो काढेना.

"काय आहे हो त्यात?" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"मला काय ठाऊक? राखायला दिलंय, बघायला न्हाई."

स्मिताचा चेहरा पडला. मग ती सरळ खाली मांडी घालून बसली आणि तिनं हात पसरले. "द्या इकडे. कपडे बदला, जेवा. तोवर मी राखते."

"मॅडम, तुम्ही?" विलासला हसू फुटलं.

नागनाथनं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. "मी सोडवीपर्यंत उठायचं न्हाई, अक्का."

तो पानावर बसला, आणि मग कुठं बाकीच्यांनी घास उचलला. गाठोड्यातलं काहीतरी टणक स्मिताच्या गुडघ्याला टोचत होतं. गाठ तर सैलच होती. देवा रे, काय असेल? तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि दाराकडे बघत बसून राहिली.