कोंडाचं नाव घ्यायचं राहिलं

भाद्रपदातलं ऊन कसं असतं, हे गोदाक्कांच्या ओसरीवर बसल्याशिवाय कळायचं नाही. घासून पुसलेल्या काशाच्या ताटासारखं लखलखीत, कडेला किंचित जुनं झालेलं ते ऊन त्यांच्या मांडीवर उतरायचं आणि त्या उन्हात त्यांची टकळी गुणगुणत राहायची. आवाज म्हणाल तर भुंग्याच्या पंखाएवढा. पण त्याच्या लयीवर गारखेड्याची बाजरी डुलायची, कावळे आपसांतली भांडणं मिटवायचे आणि मोटेचा बैल पाऊल चुकलं तर माफी मागायचा. यातला बैल सोडून द्या. बाकीचं मी इतक्यांदा सांगितलंय, की आता ते खरं असायला हरकत नाही.

पोलीस अॅक्शन होऊन निजामी सरली आणि दोनेक वर्षांनी मी शाळामास्तर म्हणून औरंगाबादेत आलो. गारखेडा तेव्हा शेताशिवारांचं होतं. माझी खोली गोदाक्कांच्या भिंतीला भिंत लावून. देह वाळल्या पऱ्हाटीसारखा काटक, मान मात्र देवळातल्या समईसारखी ताठ. चालताना त्यांचा उजवा हात मधूनच वर जायचा आणि डोक्यावर नसलेली पाटी सावरून खाली यायचा. डोक्यावरचं ओझं कधीच उतरलं होतं, हाताला मात्र कुणी ते कळवलं नव्हतं.

त्या पाटीची हकिगत त्यांनी मला एकदाच, सूत काढता काढता, कोरड्या आवाजात सांगितली. हद्दीपलीकडच्या छावणीतून स्वातंत्र्याची पत्रकं वैजापूरच्या बाजूनं आत यायची. गोदाक्का आणि त्यांची मैत्रीण कोंडा, दोघी कापूस वेचणाऱ्या, ती पत्रकं कापसाच्या पाटीत तळाशी घालून आणायच्या. पाट्या दोन, पत्रकं एकीतच. मैला-मैलाला दोघी पाट्या बदलायच्या, म्हणजे जिवाची जोखीमही निम्मी निम्मी. त्या दिवशी नाक्याजवळ आल्या तेव्हा पत्रकांची पाटी गोदाक्कांच्या डोक्यावर होती. शिपाई कापसात हात घालून पाहतोय, हे कोंडाला लांबूनच दिसलं. "तुझा पाय दुखतोय, आण इकडं," म्हणत तिनं पाटी बदलली. पाय दुखत नव्हता. कोंडा धरली गेली. शिपायानं गोदाक्कांना विचारलं, ही तुझ्यासंगची का? दोघींचं आधीच ठरलेलं होतं, त्याप्रमाणे त्या म्हणाल्या, "वळखत नाय." आणि मागं न बघता चालत राहिल्या. चौथ्या दिवशी कोठडीतून कोंडाचं प्रेत बाहेर आलं.

या हकिगतीनं मी आतून हललो. निजामी संपेपर्यंतचा काळ मी मामाच्या माळ्यावर भुईमुगाच्या पोत्यांमागं काढला होता. स्वातंत्र्य आलं तेव्हा मी शिंकत होतो. बदलीचा अर्ज खिशात होता, तो मी फाडला. संध्याकाळी शेतमजुरांचा वर्ग काढला, खादी नेसू लागलो, आणि पुढच्या मुक्तिदिनी शाळेच्या झेंड्याखाली गोदाक्कांना खुर्चीवर बसवून त्यांची गोष्ट सांगायला उभा राहिलो.

तिथंच घात झाला. माझी जीभ म्हणजे मोकाट सुटलेला वळू. समोर हजारभर माणूस (शंभर धरा), वर फडफडता तिरंगा, आणि मी बोलता बोलता एका शिपायाचे बारा केले. गोदाक्कांनी त्यांच्या डोळ्यांत मिरचीपूड उधळली. घोडा हिसकावला. शिवना दुथडी भरून वाहत होती, तिच्यात घोडा घातला. हिवाळ्यात शिवनेत चिमणीचे पाय भिजत नाहीत, पण टाळ्यांना ऋतू कुठला? या घोडदौडीत कोंडाला बसायला जागा नव्हती. आणि "वळखत नाय" हे शब्द तर झेंड्याखाली उच्चारायची माझी छातीच झाली नाही.

समारंभ संपल्यावर गोदाक्का गळ्यातला हार काढून हातात धरत म्हणाल्या, "गुर्जी, लई झ्याक बोल्लात. मला घोड्यावर बशिवलं. जन्मात गाढवावर बसले नाय मी. पर कोंडा कुठं ऱ्हायली?"

"पुढच्या साली घेतो की आक्का, पहिलं नाव तिचंच."

"आन मी वळखत नाय म्हनले, ते?"

"ते कशाला? लोकांना वाईट वाटंल."

"वाटू द्या की. मला रोज वाटतं."

पुढच्या साली घोडा पांढरा झाला. त्याच्या पुढच्या साली शिपायांचं पथक झालं. दर वर्षी गोदाक्का खाली मान घालून खुर्चीवर बसायच्या, लोक त्याला विनय समजायचे. दर वर्षी त्या तेच विचारायच्या आणि मी तेच वचन द्यायचो. एकदा तर भर सभेत उठल्या, "कोंडा..." एवढंच म्हणाल्या, आणि लोकांनी जयघोषात त्यांचा आवाज बुडवून टाकला. जयघोष सुरू करणारा मीच. त्या शौर्याच्या पुरात मी माळ्यावरचा माझा भित्रेपणा धुऊन घेत होतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं, असं म्हणालो तर तीही एक थापच होईल.

पंधराव्या वर्षी त्यांनी खुर्ची नाकारली. "तुमच्या घोड्यावालीला बशिवा," म्हणाल्या. "ती कोन हाये, मला म्हाईत नाय." त्याच पौषात, सकाळच्या कोवळ्या उन्हात, त्या गेल्या.

त्यानंतरच्या मुक्तिदिनी मी पहिल्यांदा खरं सांगितलं. पाटी, नाका, कोंडा, ते दोन शब्द, सगळं जसंच्या तसं. टाळी पडली नाही. मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन हळुवारपणे म्हणाले, "गुरुजी, वय झालं की होतं असं. पण आक्कांसारख्या वीर बाईनं मैत्रिणीची ओळख नाकारली, हे बोलायला नको होतं हो. घोडा कसा विसरलात?"

मग मी वैजापूरकडं कोंडाचं गाव शोधत गेलो. घर पडलेलं, माणसं पांगलेली. पारावर एक म्हातारा भेटला. मी औरंगाबादचा शाळामास्तर म्हणताच खुलला आणि म्हणाला, "मंग तुमाला गोदाक्काची गोष्ट सांगतो, मास्तर. आमच्याच शिवारात घडली." आणि त्यानं ती सांगितली: मिरची, घोडा, भरलेली शिवना. माझेच शब्द, माझेच विराम. वर त्यानं घोड्याला पंख लावले होते. मी कोंडाचं नाव काढलं, तर तो हात हलवून म्हणाला, "आसंल कुनी. बाया तवा लई हुत्या."

मी त्याला अडवून खरी हकिगत सांगू लागलो. त्यानं थोडं ऐकलं, मग एस्टीची वेळ झाली म्हणून उठला.

आता मी ज्याला त्याला कोंडाविषयी सांगतो. भाजीवालीला, न्हाव्याला, शेजारच्या सुनेला. लोक हसून म्हणतात, गुरुजींच्या गोष्टी! मृत्यूनं नेलेल्या माणसाला आठवणीत कुठं तरी ओसरीएवढी जागा मिळते. सांगणाऱ्यानं वगळलेल्याला तेवढीही मिळत नाही. कोंडाला वगळायला मला पंधरा वर्षं लागली. तिला परत आणण्याइतकं आयुष्य आता माझ्यापाशी उरलेलं नाही.