शाल पांघरलेला कम्प्युटर

लाखनीच्या आमच्या धान सोसायटीच्या आफिसात त्या दिवशी जत्राच भरली होती. खिडकीच्या गजाले मानसं लटकलेली, बाया लेकरं कडेवर घेऊन उभ्या. आत टेबलावर कम्प्युटर, अन् त्याच्यापुढं धनीराम महाराज. कपाळभर शेंदूर, हातात मोरपिसाचा झाडू, पायाशी लोकाइनं वाहिलेले नारळ.

"या डब्ब्यात गोऱ्या साहेबाचं भूत बसलं हाये!" महाराज गरजले. "त्याले मराठी समजत नाई, म्हनून मले इंग्लिश मंतर म्हना लागते. ओम ह्रीं क्लीं, गेट आउट, गेट आउट, ओके!"

"ओके!" लोकं हात जोडून ओरडले.

साल असंल अठ्ठ्याऐंशी. अध्यक्ष भय्याजीनं लय हौसेनं हे मशीन आनलं होतं. उद्घाटनाले हार घातला, अन् पाव्हन्याचा सत्कार करतो तशी जरीची जाड शाल त्या डब्ब्याले पांघरली. पन उन्हाळा लागला अन् रोज दुपारी हिरवे अक्षरं जागच्या जागी थिजू लागले. बटनं दाबा, थापा मारा, शिव्या द्या. ढिम्म!

मंग महाराज येत. मशीन बंद करायले सांगत, शाल उतरवत, दार लावून आरती म्हनत. लांबलचक आरती, मधात चिलीम. मंग चालू केलं की मशीन पळे! लोकं पाया पडत. भय्याजी पुन्हा शाल पांघरे. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

शेवटी महाराजानं कारन काढलं. "पांढऱ्या कपाळाचा हात लागून रायला मशीनले."

पांढरं कपाळ म्हंजे सत्यवती. नवरा वारला, तर ही पोरगी नागपूरले जाऊन कम्प्युटर शिकून आली, अन् सोसायटीचं हे मशीन तीच चालवे. तिच्या पगारावर ती अन् तिची सासू गोदावरीबाई, दोघींची चूल पेटे. त्या दिवसापासून तिले उंबऱ्याच्या आत मनाई. खुर्चीवर भोजराज मुनीम, अन् ती बाहेर चपलाजवळ पायरीवर बसून सांगे, "भोजराजभाऊ, आता वरच्या ओळीतलं सातवं बटन दाबा."

"कोनतं व बाई? मले तर सारे सारखेच दिसून रायले!"

आम्ही हासत होतो. अन् आज तिले कायमची घरी पाठवाचं ठरनार होतं.

महाराज खिडकीकडं वळले. "गोदावरीबाई, सून घरात ठेव. तिनं नवरा खाल्ला, आता मशीन खाऊन रायली!"

म्हातारीनं पदरात तोंड लपवलं. तशी सत्यवती उठली. चपला ओलांडून सरळ आत.

"महाराज, आज शाल काढू नका," ती म्हने. "मशीन बंद करून लगेच चालू करा, अन् मंत्र म्हणा. मंत्र खरा असंल तर शालीतूनही लागू होईल."

"देवाच्या कामात बाई बोलते!"

"म्हना न महाराज," भय्याजी म्हने. "शालीनं का होते?"

महाराजानं मंतर चालू केला. अक्षरं आले, अन् आरतीचं पहिलं कडवं संपाच्या आत थिजले. पुन्हा केलं, पुन्हा थिजले. महाराजाच्या शेंदुरातून घाम निथरू लागला.

सत्यवतीनं मशीन बंद केलं अन् शालीले हात घातला. "हात नको लावू व!" कोनीतरी ओरडलं. तिनं शाल ओढलीच. "भय्याजी, मागून हात लावून पाहा."

भय्याजीनं हात लावला अन् झटक्यानं काढला. "अव बाई, तवा हाये हा!"

मागच्या पंख्याच्या जाळीत बाजूच्या धानगिरनीचा कोंडा थरावर थर बसला होता, त्यात उद्घाटनाच्या हाराचा झेंडू वाळून अडकलेला. तिनं सारं साफ केलं, डब्बा थंडा होऊ देला. मंग सोता खुर्चीवर बसून मशीन चालू केलं. ना मंतर, ना आरती. दिवेलागन झाली, तरी अक्षरं पळतच होते.

मांगून ट्रकवाला ताराचंद बोलला, "धन्या, तू माह्या ट्रकवर किलिनर होता तवा इंजन तापलं की बोनेट उघडून चिलीम वढत बसे. तेच करून रायला होता न बे इथं?"

लोकं हासले, पन लवकरच थांबले. महाराजानं कवा नारळ उचलले अन् कवा सटकले, कोनाले दिसलं नाई. आमच्या माना खाली होत्या.

भय्याजी शाल घेऊन सत्यवतीपुढं आला. "पोरी, तुहा सत्कार..."

"नको भय्याजी. पहिल्याच दिवशी म्हटलं होतं मी, मशीनची हवा कोंडते, शाल काढा. तुम्हीच म्हटलं, सत्काराची शाल काढत नसतात."

भय्याजीनं डोळे पुसत शालीची घडी केली अन् बाजूले ठेवली. ती बाहेर गेली, सासूचा हात धरला. "आई, आत चला. माझं काम पाहा."

म्हातारी उंबरा ओलांडून आत आली. आम्ही वाट देली, पन तिच्याकडं पाहाची हिंमत एकालेही झाली नाई.

म्हनून सांगतो बाप्पा, मशीन अडलं तर पयले हात लावून पाहा. तापलं काय? कोंडा बसला काय? बाईचं कपाळ कायले पाहता?