हॅना, मायकेलची बायको

लेकीकडे परदेशात, मलिंगारला आल्यापासून पद्माकररावांना एकच दुःख होतं, बोलायला कुणी नव्हतं. ज्ञानदा सकाळी लॅपटॉप उघडून बसायची ती संध्याकाळपर्यंत मीटिंगांतच. नागपुरात भाजी आणायला निघालेला हा माणूस गप्पा मारून दोन तासांनी घरी परतायचा, तोही भाजी विसरून. इथे फिरायला जावं तर रस्त्यात गाई तेवढ्या भेटायच्या.

म्हणून जुन्या चर्चच्या दफनभूमीत एक बाई गुडघे टेकून थडग्यावरची अक्षरं लावताना दिसली, तेव्हा ते फाटक ढकलून सरळ आत शिरले. बाई सत्तरीची, काळ्या वर्णाची, अंगात पिवळाधमक रेनकोट.

"काही हरवलं का?" त्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

"पणजोबा," ती म्हणाली आणि स्वतःच खळखळून हसली.

तिचं नाव लोरेटा गेराटी. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सव्हाना शहरातून आली होती. तिचे पणजोबा, मायकेल गेराटी, या गावचे पाथरवट. त्यांच्या आईवडिलांचं थडगं इथेच कुठेतरी असणार, तेच ती शोधत होती. मायकेल तरुणपणी सव्हानाला गेले आणि तिथे थडगी घडवू लागले. तिकडचं युद्ध संपून गुलाम मोकळे झाले, त्यांतल्याच हॅनाशी त्यांचं जुळलं. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला कायद्यानं बंदी होती. लग्नावाचूनच दोघांनी संसार थाटला, पोरं वाढवली. हॅना गेली तेव्हा मायकेलनं तिचा दगड स्वतः घडवला. त्यावर कोरलं, 'हॅना, मायकेल गेराटीची बायको'.

"कागदावर लिहू देईनात, म्हणून दगडावर लिहिलं," लोरेटा म्हणाली. "पण इथल्या माणसांनी तिला काय मानलं, ते आम्हाला कधी कळलंच नाही. खरं सांगू? कळून घ्यायची भीतीच वाटते."

पद्माकररावांनी छत्री मिटली. "तुम्ही ती रांग बघा, मी ही बघतो."

दगड सापडला तो कुंपणाशी, वेलीच्या आड. वर मायकेलच्या आईवडिलांची नावं. त्याखाली, मुलगी ब्रिजिड डॅली हिनं हा दगड उभारला, असं लिहिलेलं. आणखी एक ओळ मातीत अर्धी बुडाली होती. पद्माकररावांनी बोटांनी माती सारली आणि लोरेटानं मोठ्यानं वाचलं, "भाऊ मायकेल आणि त्याची बायको हॅना, सव्हाना, यांच्याही स्मरणार्थ."

तिनं त्या शब्दावर हात ठेवला. "बायकोच म्हटलंय हो तिनं."

पद्माकररावांनी तिला द्यायला रुमाल काढला, पण आधी स्वतःलाच वापरावा लागला. मग त्यांनी फोन लावला. "ज्ञानदा, आपण अंडी घेतो ते डॅली इथलेच ना गं जुने?"

"हो. बाबा, मी मीटिंगमध्ये आहे. काय झालं?"

"मीटिंग सोड अन् गाडी काढ. काहून ते विचारू नको!"

डॅलींच्या दारात लोरेटाचे पाय अडले. ज्ञानदानं तिचा हात धरला आणि बेल वाजवली. चिखलानं माखलेल्या बुटांत कोल्म डॅली बाहेर आले. लोरेटानं एका दमात सगळं सांगून टाकलं.

"ब्रिजिड माझी पणजी," कोल्म सावकाश म्हणाले. मग आत वळून हाक मारली, "हॅना!"

लाल केसांची, ठिपक्याठिपक्यांच्या गालांची एक मुलगी ब्रेड चावत आली.

"ही माझी नात. माझी बहीण हॅना, आत्या हॅना. आमच्यात दर पिढीला एक हॅना असतेच. कुणाच्या नावावरून, ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं." कोल्मनी दार सताड उघडलं. "आत या ना, पावसात काय उभ्या राहिलात!"

"तुम्ही आमच्या नात्यातल्या?" छोट्या हॅनानं विचारलं.

"अगदी सख्ख्यातल्या," लोरेटा म्हणाली.

चहा होईपर्यंत कोल्मनी निम्म्या परगण्याला फोन केले. अंगण गाड्यांनी भरलं. एका म्हाताऱ्या मावशींनी पद्माकररावांनाही गाठलं, "आणि तुम्ही कुठल्या शाखेचे?"

"नागपूर शाखा," ते म्हणाले. मावशींनी ते खरं मानून त्यांना केकचा मोठा तुकडा वाढला.

लोरेटानं परतीचं तिकीट पुढे ढकललं. रविवारी सगळे मिळून दगड साफ करायला गेले. भोवती काय लावायचं यावरून ती आणि कोल्म जन्मभराची भावंडं असल्यासारखे भांडत होते. पद्माकररावांनी झेंडू सुचवला. कुणी ऐकलं नाही, पण गप्पांना माणसं भरपूर होती आणि त्यांची दुपार अगदी ग्रँड गेली.