प्रातिनिधिक बाळ

मी एक फोटो. झोपलेल्या बाळाचा आहे, म्हणून बोलतो ते हळूच बोलतो. कागदावरचा नव्हे, फोनमधला. मला वजन नाही, वास नाही. पण माझाही जन्म झाला, मलाही घर आहे, आणि मधेच कुणीतरी मला घरातून उचलून नेलं. तेवढं सांगायचं आहे.

दुपारी साडेतीनला जन्मलो. बाळाला तीन दिवस ताप होता. आईने तीन दिवस केस विंचरले नव्हते. दर अर्ध्या तासाने बाळाच्या काखेत थर्मामीटर, आकडा वहीत. तिसऱ्या दुपारी बाळाला घाम फुटला, आकडा उतरला, आणि ते बाबांच्या जुन्या निळ्या शर्टावर हात पसरून झोपलं. पडद्याच्या फटीतून उजेड बरोब्बर गालावर आला होता. आईने आधी नाकापुढे बोट धरून श्वास पाहिला. ती नेहमीच पाहते. मग फोन उचलला, पलंगापाशी गुडघे टेकले, स्वतःचा श्वास रोखला आणि बटण दाबलं. झालो मी.

घरात फोन एकच, बाबांनी घेतलेला. बाळ झाल्यापासून तो आईपाशीच असतो. त्यावर तिचं एक छोटं पान आहे. उचकी लागली तर काय, दात येताना काय, असं तिला जे उमगेल ते ती तिथे लिहिते. शंभर-दीडशे आया वाचतात. मला तिथे ठेवून तिने खाली लिहिलं, 'ताप उतरला. आता मीही झोपते.' आयांनी माझे फार लाड केले. एकीने तर माझ्यासाठी मीठमोहऱ्या ओवाळल्याचं लिहिलं.

तिथूनच मला कुणीतरी उचललं. कधी, ते मलाही कळलं नाही. फोटोला बखोट नसतं, तरी उचलता येतं.

दोन महिन्यांनी एका सकाळी आईच्या चुलत नणंदेचा फोन आला. ती रडक्या आवाजात म्हणाली, "बाळ कसं आहे गं?"

आई म्हणाली, चप्पल चावतंय.

मग उलगडलं. बातम्यांच्या एका साइटवर तापाच्या साथीची बातमी होती. त्या साथीत दोन तान्ही बाळं गेली होती. आणि बातमीच्या वर मी. माझ्याखाली बारीक अक्षरांत छापलं होतं: प्रातिनिधिक छायाचित्र. सौजन्य: इंटरनेट.

आईने बाळाला इतकं घट्ट धरलं की ते किंचाळलं. त्या दिवशी तिने सहा वेळा थर्मामीटर लावला. ताप नव्हताच.

प्रातिनिधिक म्हणजे काय, हे घरात कुणाला नीट सांगता येईना. बाबांच्या आत्या आल्या होत्या, तोंडाने फटकळ. त्या म्हणाल्या, "प्रतिनिधी गं. तुझं लेकरू निवडून आलंय म्हणायचं." कुणी हसलं नाही, त्यासुद्धा नाहीत. आईचा एकच धोशा: त्या बातमीवरून माझं बाळ काढा. आजच्या आज काढा.

बाबा लिफ्ट दुरुस्तीची कामं करतात, शांत माणूस. ते म्हणाले, ती मोठी माणसं, आपण कोण? शिवाय फोटो आपणच चारचौघांत टाकला, त्यावर आपला शिक्का नाही की सही नाही. आई जेवली नाही. बाबा कामावर गेल्यावर बाळाला कडेवर घेऊन ती इमारतीखालच्या फोटो स्टुडिओत गेली. स्टुडिओवाले काका पासपोर्टचे फोटो कापत होते. सगळं ऐकून त्यांनी कात्री खाली ठेवली.

"बटण कुणी दाबलं?"

"मी."

"मग फोटो तुझा. दाबलंस त्या क्षणापासून."

आई म्हणाली, पण फोन ह्यांचा आहे. काका म्हणाले, उसन्या पेनाने पत्र लिहिलं तर ते पेनवाल्याचं होतं का? आईने विचारलं, कुठे नोंदवलेलं नाही त्याचं काय? काकांनी बाळाकडे बोट केलं. "दाखला मिळायच्या आधी हे तुझं नव्हतं? दाखला भांडताना कामी येतो. आई व्हायला तो लागत नाही."

आणि सगळ्यांना दिसेल असा ठेवला ते?

"कपडे दोरीवर वाळत घातले म्हणजे काही वाटायला काढले नाहीत, पोरी."

मग काकांनी कात्री पुन्हा हातात घेतली. ते पूर्वी एका मोठ्या स्टुडिओत पगारावर होते. हजारो लग्नांचे फोटो काढले, पण नोकरीत काढलेले म्हणून सगळे मालकाचे झाले. तू कुणाची नोकर नाहीस, ते म्हणाले, जा आणि सरळ सांग. भांडू नको. मूळ फोटो दाखव, काढल्याची तारीख-वेळ त्यातच असते.

खरं सांगतो, तोवर मी स्वतःला बाळाचा समजत होतो. चेहरा त्याचा ना! मी आईचा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

बातम्यांचं ऑफिस गाद्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. चार टेबलं, घरघरणारा पंखा. माझी बातमी लावणारी मुलगी आईच्याच वयाची. चष्मा केसांत खोचलेला आणि बाई टेबलभर चष्मा शोधतेय. आईने जिन्यात सगळं पाठ केलं होतं, ते ऐनवेळी विसरली. तिने बाळाला टेबलावर बसवलं आणि म्हणाली, "हे तुमचं प्रातिनिधिक."

मुलीने स्क्रीनवर मला पाहिलं, मग बाळाला. बाळाने तिचं पेन उचलून तोंडात घातलं.

"मी सौजन्य लिहिलं होतं," ती पुटपुटली.

"इंटरनेटचं? ताप होता तेव्हा ते जागलं नाही. मी जागले." आईने पेन बाळाच्या तोंडातून काढलं. "आणि माझं नाव लिहिलं असतंत तरी काय? नाव लिहिणं वेगळं, विचारणं वेगळं. माझ्या नावाची पाटी लावून माझ्याच घरात राहायला याल का?"

पलीकडच्या टेबलावरचे वयस्कर संपादक उठून आले. त्यांनी मूळ फोटोवरची तारीख पाहिली. मुलीला हळू आवाजात म्हणाले, बातमीसाठी दुसऱ्याचं थोडंफार वापरायची मोकळीक असते, पण बातमी त्या गोष्टीचीच असेल तर. आपण हा शोभेला लावला, काढून टाक.

शोभेला! त्या बातमीला शोभा कसली?

मुलीने मला काढलं. माझ्या जागी एक करडा चौकोन राहिला. आई म्हणाली, आता बातमीही काढा. तिथे मात्र मुलगी नाही म्हणाली. साथ खरीच आहे, घडलेली गोष्ट कुणा एकाच्या मालकीची नसते. ती मी माझ्या शब्दांत लिहिली आहे, आणि लोकांना कळायला हवी. आईला पटलं. उलट तिनेच विचारलं, साथ कुठल्या भागात आहे, पाणी उकळून घेऊ का?

दोघी बोलत बसल्या. निघताना मुलगी चाचरत म्हणाली, "ताप उतरल्यावरच्या काळजीवर लेख करतेय. त्यावर हा लावू का? तुमच्या नावाने. ह्या वेळी लेखी परवानगी घेते."

मी आतल्या आत फुगलो. चांगल्या लेखावर, आईच्या नावासकट! मला वाटलं, आता ती हो म्हणणार.

"विचारलंत, बरं वाटलं," आई म्हणाली. "पण नको."

"बरं," मुलगी म्हणाली. कारण विचारलं नाही. तिच्या कॉम्प्युटरात माझी एक प्रत होती, तीही तिने आईसमोर पुसली. पुसताना दुखत नाही. घरी सोडल्यासारखं वाटतं.

पण माझी गोष्ट पुरती मिटलेली नाही. त्या साइटवरून मला आणखी तिघांनी उचललं होतं. मुलीने स्वतः तिघांनाही लिहिलं. दोघांनी काढलं, तिसऱ्याचं उत्तर नाही. आई रोज दुपारी बाळाला थोपटताना एका हाताने त्या तिसऱ्याचं पान उघडून पाहते. मी अजून तिथेच असतो, दोन गेलेल्या लेकरांच्या बातमीवर. त्यांनाही आया आहेत. त्यांनी ते पान उघडलं असेल तर भलत्याच बाळाचा चेहरा पाहून त्यांना काय वाटलं असेल?

बातम्या लिहिणाऱ्यांनो, पानं चालवणाऱ्यांनो, फोटो लागला तर आधी तो काढणारी शोधा. तिला विचारा. नाही म्हणाली तर राग मानू नका. सापडलीच नाही तर स्वतः एक काढा. बटण तुमच्याकडेही आहे.

आणि वाचणाऱ्यांनो, मी तुम्हाला त्या तिसऱ्या ठिकाणी दिसलो तर घाबरू नका. बाळ ठणठणीत आहे. काल ते भिंतीला धरून पहिल्यांदा उभं राहिलं आणि आईने फोन उचलेपर्यंत खाली बसलंसुद्धा. त्या उभं राहण्याचा फोटो कुणाकडेच नाही. मी आहे, पण तुमच्यासाठी नाही. मला पाहिलंत तेवढं पुरे. पुढे पाठवू नका.