धवळ्यांची फाईल

भाग्यश्रीची सुपारी फुटली ते साल दोन हजार तेवीस. सुपारी जानेवारीत फुटली आणि लग्न मार्चात धरलं. गोटीरामची ती एकुलती एक नात. त्यांच्या पेठकडच्या पाड्यावर लग्न भटजी लावत नाही, धवळेरी लावते. ती धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गाते तेव्हा कुठे नवरा-नवरी एकमेकांचे होतात. गोटीरामची थोरली बहीण रंगूबाई चाळीस वर्षं धवळेरी होती. दिवाळीनंतर तिच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा बसली. कान तेवढे शाबूत राहिले. गोटीरामने तिला एकलहऱ्याला आपल्या घरी आणून ठेवलं. तिच्या मागून धवळे कुणी शिकलं नव्हतं. पाड्यावरच्या पोरी पिंपळगावला द्राक्षं भरायला जातात, त्यांना कुठली सवड.

तरी घरात कुणाला काळजी नव्हती, कारण धवळे लिहिलेले होते. गोटीराम वीजकेंद्रात कोळशावर मजुरी करायचा. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी तो साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकला, आणि शिकल्यावर बहिणीला समोर बसवून तिचे सगळे धवळे एका वहीत उतरवले. दोन पावसाळे लागले. मग नाशिकरोडच्या एका छापखान्यात ते कॉम्प्युटरवर टाईप करून घेतले. पुस्तक काही निघालं नाही, छापखानाही बंद पडला, पण जाताना मालकाने फाईलची सीडी करून दिली होती.

ती घेऊन गोटीराम सरिताकडे गेला. तेव्हा टाईप तिनेच केलं होतं. आता जेलरोडला तिचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. तिने फाईल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि आकड्यांचा नुसता चिवडा झाला होता.

"काका, हे जुनं सॉफ्टवेअर. तेव्हा ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा. तो मिळाल्याशिवाय मशीनला कळत नाही कुठल्या खुणेला कुठलं अक्षर दाखवायचं."

"पण आत लिव्हलेलं हाय ना?"

"आहे. दिसत नाही एवढंच."

तिने माळ्यावरून छापखान्याचा जुना कॉम्प्युटर काढला. "याला चालू करायचं आणि चहा पिऊन यायचं," ती म्हणाली. "तोवर हा डोळे चोळतो."

"माझ्यासारखाच हाय मग."

फॉन्ट सापडला, पण नंतरच्या काळातला. अक्षरं आली ती मोडकी. वेलांट्या भलत्याच अक्षरावर चढलेल्या, जोडाक्षरांचे तुकडे पडलेले. साधं मराठी असतं तर सरिताने अंदाजाने लावलं असतं. ही बोली तिला येत नव्हती. मग गोटीराम शेजारी बसून सांगायचा आणि ती एकेक खूण बदलायची. चार दिवसांत सगळं लागलं. राहिला नवरी वाटेला लावायचा शेवटचा धवळा. त्याच्या अकरा ओळींत नुसते चौकोन होते.

"हे फॉन्टचं दुखणं नाही, काका. सीडी करतानाच फाईल इथे खराब झालीये. जे आत नाहीच ते मी कुठून दाखवू? वही आणा तुमची, पाच मिनिटांत टाईप करते."

गोटीराम छापलेली पानं गोळा करू लागला.

"काका, वही आहे ना?"

"हाय. बघतो."

वही नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी पडद्यावर ती सुबक, एका रेषेत चालणारी अक्षरं पाहिली आणि त्याला आपल्या अक्षराची लाज वाटली. नातवंडांनी उद्या वही उघडली तर हसतील, म्हातारा कोंबडीच्या पायांनी लिहितो म्हणतील. त्याच आठवड्यात त्याने ती आंघोळीच्या बंबात घातली. घरात कुणाला कळू दिलं नव्हतं.

घरी येऊन त्याने बहिणीला छापलेली पानं वाचून दाखवली. रंगूबाई डाव्या हाताचं बोट गोधडीवर आपटत ताल धरत होती. शेवटच्या धवळ्याशी तो थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं, हवेत लिहिल्यासारखं बोट फिरवलं आणि त्याच्या पत्र्याच्या पेटीकडे दाखवलं.

"वही नाय, बाय," तो म्हणाला. "मी जाळली."

तिचं बोट तसंच राहिलं.

"अक्षर लय वाकडं होतं. लाज वाटली."

रंगूबाईने हात गोधडीत घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. दोन दिवस तिने पेजेला तोंड लावलं नाही. सुनेला वाटलं दुखणं वाढलं. गोटीरामने तिला वहीचं सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने आपणहून त्याचा हात ओढला. तो कागद-पेन्सिल घेऊन टेकला. तिने तोंड उघडलं. चाल आली, चढ-उतारासकट अगदी ठाकठीक. शब्द एकही आला नाही. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा नुसती चाल. डोळ्यांतून पाणी गळत होतं तरी थांबेना. "राहू दे बाय, दमशील," तो म्हणत होता. तिने डाव्या हाताने पेन्सिल त्याच्या बोटांत घट्ट दाबली आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं. अकरा वेळा चाल झाली. कागद कोराच राहिला.

त्यानंतर काही दिवसांनी, गुरुवारी, नऊ फेब्रुवारी दोन हजार तेवीस रोजी, सकाळी रंगूबाई एकलहऱ्याच्या घरी वारली. भाग्यश्रीचं लग्न मार्चात होतं, आणि त्या अकरा ओळी आता कुणाकडेच नव्हत्या.