दांडीची दुमड

शिडीवर उभी राहून ती पडद्यात दांडी ओवत होती, तेवढ्यात दालनात दहा-बारा पाहुणे शिरले. संग्रहालयातल्या जुन्या चित्रांना ऊन लागू नये म्हणून जाड पडदे शिवायचं काम तिला मिळालं होतं. तोंडावर नकाब, बाहीला टाचण्यांची रांग.

गाइड सगळ्यात मोठ्या चित्रापुढे थांबला. परदेशी चित्रकारानं शंभरेक वर्षांपूर्वी काढलेली बाई. तोंड झाकलेलं, खांदा मात्र उघडा.

“हे डोळे पाहा. जन्मभर कोंडलेली बाई. बोलायची सोय नाही, म्हणून डोळे बोलतात.” मग त्यानं शिडीकडे बोट केलं. “आणि योगायोग बघा, काळ गेला, बाई तीच आहे!”

सगळे हसले. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बोलायची सोय नाही? तिच्या नवऱ्यानं हे ऐकलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता.

ती तरातरा खाली उतरली आणि तिनं चित्रातल्या बाईच्या तोंडावरच्या कापडाकडे बोट केलं.

“दादा, हा नकाब नाही. खिडकीचा पडदा आहे.”

“काय?”

“ही दुमड बघा. दांडी ओवायला ठेवतात ती. दांडीनं कापड झिजलंय, तेही रंगवलंय. घरातला पडदा काढला आणि टाकला हिच्या डोक्यावर! कोंडलेली कसली? पोटासाठी बसली असेल बिचारी. मान आखडली म्हणून कावलीय.”

“हे तज्ज्ञांनी ठरवलंय, बाई.”

“तज्ज्ञांनी कधी पडदा शिवलाय?”

घोळक्यातल्या एक वयस्क बाई कौतुकानं पुढे आल्या. हातात फोन.

“किती छान बोलता हो! या चित्राशेजारी तुमचा एक फोटो घेऊ?”

तिनं चित्राखालच्या पाटीकडे मान वळवली.

“चित्रातल्या बाईचं नाव काय?”

बाई पाटीशी वाकल्या. “‘नकाबातली सुंदरी’. एवढंच आहे.”

“मग माझं लिहून घ्या.”

बाईंनी पर्समधून कागद काढला. तिनं पूर्ण नाव सांगितलं, दुकानाचं सांगितलं, एक वेलांटी चुकली होती तीही दुरुस्त करायला लावली.

“झालं. आता उभ्या राहता ना?”

“नाही.”

ती शिडी चढून गेली आणि राहिलेला पडदा ओवू लागली. गाइडनं पुढच्या चित्राकडे हात केला, पण कुणी लगेच हललं नाही.

खाली त्या बाईंनी कागदावरचं नाव हलक्या आवाजात एकदा वाचून पाहिलं. मग फोन पर्समध्ये ठेवून दिला.